ऑनलाइन गेमिंग स्पर्धा भरवताय? आधी हजेरी, मग ड्रॉ

गेम, तारीख आणि संघात किती जण, हे तुम्ही ठरवलंच असेल. गेमच्या कंपनीचे हौशी स्पर्धांसाठीचे नियम मात्र नोंदणी उघडण्याआधी वाचा. प्रवेश फी आणि बक्षिसाच्या रकमेवर अनेकदा तिथेच मर्यादा घातलेली असते.

स्वरूप साधं नॉकआउट ठेवा. ३२ संघांचे ३१ सामने, ५ फेऱ्या. "डबल एलिमिनेशन घ्या, सगळ्यांना दुसरी संधी मिळते" असं सांगणारे बहुधा स्वतः स्पर्धा चालवत नाहीत. त्यात संघ दोनदा हरल्यावरच बाहेर पडतो, म्हणून सामने ६२ होतात, कधी ६३, आणि फुकट राबणारी माणसं तेवढीच राहतात. स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीत सारख्या गुणांचे संघ एकमेकांशी खेळतात त्यात, कोणी बाहेर पडत नाही हे खरं, पण प्रत्येक फेरी सगळ्यात रेंगाळलेल्या सामन्यासाठी खोळंबते.

नोंदणीचा फॉर्म, डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर चॅनेल, चॅलाँज किंवा स्टार्ट डॉट जीजी या स्पर्धा चालवायच्या साइटवर पान: एका संध्याकाळचं काम.

आता खरी डोकेदुखी. फुकटच्या स्पर्धेत नाव देणारे सगळे येत नाहीत. कधीच नाही. तरी लोक आदल्या दिवशी ड्रॉ जाहीर करतात, का तर म्हणे वातावरण तयार होतं. वातावरण तयार होतं ते भांडणाचं. ३२ पैकी ५ संघ आलेच नाहीत की ब्रॅकेटमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार या तक्त्यात, कुठेही भोकं पडतात. कोणाला आयती पुढे चाल मिळते, आणि दोन गैरहजर संघ समोरासमोर असले तर ते भोक थेट दुसऱ्या फेरीत जातं. मग मधेच ड्रॉ बदलावा लागतो, आणि एकदा बदललेल्या ड्रॉवर कोणाचाच विश्वास राहत नाही.

म्हणून चेक-इन, म्हणजे ऑनलाइन हजेरी, सामन्यांच्या एक तास आधी उघडा आणि वीस मिनिटं आधी बंद करा. ज्याने चेक-इनचं बटण दाबलं नाही तो संघ बाहेर, त्याच्या जागी प्रतीक्षायादीतला पुढचा. ड्रॉ त्यानंतरच. २७ संघ उरले तर ३२ च्या ब्रॅकेटमध्ये ५ जागा रिकाम्या राहतात. त्यामुळे मिळणारी पुढे चाल पहिल्या ५ मानांकित संघांना द्या. मानांकनाला काहीच आधार नसेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा.

"कॅप्टन येतोच आहे, दोनच मिनिटं" हे ऐकावं लागणारच. थांबू नका. एकासाठी थांबलात की वेळेवर आलेल्या सगळ्यांना शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी तेही उशिराच येतात. ओळखीच्या संघाला तर अजिबात सूट नको. वेळ लिहिताना डिस्कॉर्डचा टाइमस्टॅम्प वापरा, तो प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसतो. "मला वाटलं तुमचे आठ" ही सबब तिथेच संपते.

चेक-इन करूनही गायब होणारे असतात. दहा मिनिटं उशीर झाला की सामन्यातला एक गेम गेला, पंधरा झाली की सामना गेला, असं नियमांत आधीच लिहून ठेवा. पण "समोरचे आलेच नाहीत" या एकाच बाजूच्या शब्दावर निकाल देऊ नका. पुष्कळदा दोन्ही संघ वेगवेगळ्या लॉबीत (गेममध्ये सामन्याआधी जमायची खोली) एकमेकांची वाट बघत बसलेले असतात! ब्रॅकेटमध्ये ज्याचं नाव वर, त्यानेच लॉबी करायची आणि कोड सामन्याच्या चॅनेलमध्ये टाकायचा, एवढ्या एका नियमाने निम्म्या तक्रारी थांबतात.

नेट तुटलं तर सामना पुन्हा कधी खेळवायचा, हेही आधीच लिहा. निकाल जिंकणाऱ्याने स्क्रीनशॉटसह द्यावा. हरणाऱ्याला हरकत घ्यायला पाच मिनिटं. ॲडमिनने स्वतः खेळू नये.

थेट प्रक्षेपण फक्त अंतिम सामन्याचं, तेही काही मिनिटं उशिराने. नाहीतर खेळाडू तेच बघून समोरच्यांच्या जागा हेरतात.