इंदूरमध्ये फोटोग्राफी टूर सुरू करायची असेल तर

महाराष्ट्रातून इंदूरला येणारा पर्यटक बहुतेक वेळा उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर या फेरीतला असतो. इंदुरात त्याच्याकडे एखादी सकाळ आणि एखादी रात्र मोकळी असते. हातात चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल असतो, पण राजवाड्यासमोर नेमकं कुठे उभं राहायचं हे सांगणारं कोणी नसतं. धंद्याची सुरुवात या गिऱ्हाइकापासून करा. मोठ्या लेन्सवाले हौशी लोक पुढे येतीलच, पण ते संख्येने कमी असतात आणि त्यांना जागा आधीच माहीत असतात. मोबाइल घेऊन आलेल्या कुटुंबाला मराठीत समजावून सांगता येणं हे तुमचं खरं भांडवल आहे.

पहिल्या सहा महिन्यांत दोनच टूर चालवा: सकाळी राजवाडा ते कृष्णपुरा छत्री (होळकरांची समाधी-वास्तू), आणि रात्री सराफा बाजार. मांडू, महेश्वर नंतर.

सकाळची टूर

जानेवारीत इंदुरात सूर्य सातनंतर उगवतो, जूनमध्ये पावणेसहाच्या आत. म्हणून वर्षभर ‘सकाळी सहा’ अशी एकच वेळ जाहीर करू नका. वेळ सूर्योदयाशी बांधा आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये घड्याळाची नेमकी वेळ लिहा. प्रत्येक थांब्यावर एकदा स्वतः जाऊन ऊन कधी, कुठे पडतं ते टिपून ठेवा. ही टिपणं दर दोन महिन्यांनी ताजी करा, कारण सूर्य सरकतो आणि बाजूच्या इमारतीची सावलीही.

राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. जवळ उभं राहून मोबाइल वर कलवला की इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. जवळजवळ सगळे हीच चूक करतात. गटाला समोरच्या बागेच्या लांबच्या टोकाला न्या. तिथे 0.5 नव्हे, 1 एक्सची लेन्स लावायला सांगा. मोबाइल उभा आणि सरळ धरून फोटो काढायचा, खाली आलेला जास्तीचा रस्ता नंतर कापून टाकायचा. रेषा सरळ राहतात. दगड आणि लाकूड जिथे मिळतात तो भाग झूम करून वेगळा घ्यायला लावा. लोकांना आवडतो तो फोटो.

छत्रीत उलट अडचण येते. आत अंधार, बाहेर लख्ख उजेड. स्क्रीनवर बाहेरच्या भागावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेडाची खूण थोडी खाली ओढायची. खांब काळे पडतात, बाहेरचं दृश्य शाबूत राहतं. एवढं जमलं की माणूस खूश होतो. इथे अर्धा तास द्या, घाई करू नका. शेवटी पोहे-जिलेबी. तीन तासांत सगळं आटोपतं.

रात्रीचा सराफा

दिवसा सोन्या-चांदीचा बाजार, आणि दुकानांची शटर खाली आली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या. साडेनऊला गट उभा करा. शनिवार-रविवार टाळा. त्या गर्दीत सहा माणसं एकत्र ठेवता येत नाहीत, मग शिकवणार काय? मंगळवार ते गुरुवार उत्तम.

ट्रायपॉड नकोच. गल्ली अरुंद आहे, लोक अडखळतात आणि दुकानदार वैतागतात. गळ्यात लोंबणाऱ्या पट्ट्याही नकोत. जिलेबीच्या कढईवर वाकून फोटो काढताना पट्टा तेलात जातो. मनगटात अडकवायची दोरी स्वतःच सगळ्यांना द्या.

एलईडी दिव्यांमुळे फोटोत काळे पट्टे येतात, आणि यावर प्रश्न हमखास येतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मिणमिणतो. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद उघडं ठेवलं की पट्टे जातात. मोबाइलमध्ये त्यासाठी प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने बदलायची सोय, उघडावा लागतो. पण दुकानदाराने हवेत उडवलेला दहीवडा फोटोत गोठवायचा तर 1/500 लागतं, आणि तिथे पट्टे परत येतात. अशा वेळी बर्स्टने, म्हणजे बटण दाबून धरून सलग, दहा फोटो घ्यायचे. त्यांतला पट्टे कमी दिसणारा निवडायचा. वाफ दाखवायची असेल तर दिवा वाफेच्या मागे येईल असं उभं राहायचं. भुट्ट्याचा कीस ढवळत असताना किंवा हिवाळ्यात गराडू (एक कंद) तळताना हे चांगलं जमतं.

दुकानदाराशी नातं आधी जोडा, टूर नंतर. दोन-तीन दुकानं ठरवून घ्या, गटाच्या प्लेट्स तिथेच घ्या आणि त्यांचा खर्च फीमध्ये धरा. चांगले फोटो त्याच रात्री दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. फुकट फोटो काढून निघून जाणारा गट दुसऱ्यांदा कोणी उभा करून घेत नाही. कोणाचाही चेहरा जवळून घेण्याआधी विचारायचं, मुलांच्या बाबतीत आईवडिलांना. हा नियम सुरुवातीलाच सांगा.

पैसे

गट सहाचा, फार तर आठचा, आणि सोबत एक मदतनीस. हिशेब मात्र चार जणांवर मांडा. मदतनीस 800 रुपये, तुम्हा दोघांसह सहा जणांचा नाश्ता 80 प्रमाणे 480, किरकोळ 220. रोख खर्च झाला 1500. तुमचे टूरचे तीन तास, तयारीचे दोन, फोटो पाहून देण्याचे दोन, असे सात तास 400 प्रमाणे 2800. एकूण 4300, म्हणजे माणशी 1075. फी 1200 ठेवा. आकडे तुमच्या खर्चाप्रमाणे बदलतील, पण स्वतःचे तास धरायचे विसरू नका. बहुतेक टूर इथेच तोट्यात जातात, आणि ते वर्षभर कळत नाही. तिघांपेक्षा कमी बुकिंग असेल तर 36 तास आधी तारीख बदला. अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि पावसाने टूर रद्द झाली तर काय, हे पैसे घेण्याआधी लिहून द्या.

कागदपत्रं

उद्यम, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे. गुमास्ता लायसन्स, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, काढून घ्या. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वार्षिक 20 लाख उलाढालीची. तिच्या जवळ गेलात की सीएला विचारा.

मांडूची टूर सुरू कराल तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात पैसे घेऊन लोकांना फिरवायला खात्याचं लायसन्स लागतं. ते तुमच्याकडे नसेल तर परवानाधारक गाइड घ्या. माहिती त्याने सांगावी, कॅमेऱ्याचं तुम्ही पाहावं. ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागते. गाडी पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. स्वतःच्या खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो. काच मंदिरात आत फोटो काढता येत नाहीत, उज्जैनच्या महाकाल मंदिरात मोबाइलच नेता येत नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं नाही तर सगळा राग तुमच्यावर निघतो.

रंगपंचमीची गेर

गेर म्हणजे रंगपंचमीला रंग-गुलाल उधळत निघणारी इंदूरची मिरवणूक. मागणी सगळ्यात जास्त याच दिवशी असते, आणि कॅमेरे बिघडतातही याच दिवशी. पहिल्या वर्षी गेरची टूर घेऊ नका. दुसऱ्या वर्षी घ्याल तेव्हा वाटेवरच्या एखाद्या घराची गच्ची आधी ठरवून तिथूनच फोटो काढा. लेन्स बदलायची नाही. कॅमेऱ्याला प्लास्टिक, लेन्सवर यूव्ही फिल्टर. गुलाल बसला तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), ओलं फडकं अजिबात नाही, कारण ओला गुलाल फटीत शिरून घट्ट बसतो.

टूरनंतर दोन दिवसांत प्रत्येकाकडून पाचच फोटो मागवा आणि प्रत्येक फोटोवर दोन ओळी लिहून पाठवा. जाहिरातीत वापरायचे असतील तर बुकिंग फॉर्मवरच संमती घेतलेली हवी. जाहिरातीत गिऱ्हाइकांनी मोबाइलवर काढलेले फोटोच लावा. तुमच्या महागड्या कॅमेऱ्याचे फोटो पाहून आलेला माणूस निराश होऊन परत जातो.