लॅब हलवताना या चुका टाळा

नवी इमारत तयार होत आली की बैठका टेबलांच्या रंगावर आणि कुणाला खिडकीजवळची जागा यावर होतात. नमुने उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवणाऱ्या ‘मायनस ऐंशी’ फ्रीझरचा विषय निघतो तो टेम्पो दारात आल्यावर. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सेंट्रिफ्यूज (नमुने गरगर फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) बिघडलं तर दुरुस्त करता येतं. रुग्णांकडून वर्षानुवर्षं गोळा केलेलं सीरम एकदा वितळलं की गेलं.

भरलेला फ्रीझर तसाच ढकलत नेऊ नका. नमुने कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) भरून, आधीच थंड करून ठेवलेल्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवा. रिकामा फ्रीझर उभाच न्यायचा, कारण आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. नव्या जागी तो २४ तास नुसता उभा राहू द्या, मग प्लग लावा. तापमान उणे ८० ला जाऊन दिवस-दोन दिवस टिकतंय हे दिसेपर्यंत आत एकही बॉक्स ठेवू नका. म्हणजे उसना फ्रीझर निदान चार-पाच दिवस लागणार. शेजारच्या विभागाशी महिनाभर आधी बोलून ठेवा. बॉक्सची यादीही तेव्हाच करा. पीएचडी संपवून गेलेल्या मुलीच्या बॉक्सवर नुसतं ‘ए-७, नवीन’ लिहिलेलं असतं. तिला फोन करायला तेव्हा वेळ असतो.

कोरड्या बर्फाचा डबा हवाबंद करू नका. लिफ्टमधून तो एकटाच पाठवा, माणसांनी जिन्याने जावं. बंद जागेत साठलेला कार्बन डायऑक्साइड जीवावर बेततो. द्रव नायट्रोजनलाही हाच नियम: एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो.

दुसरी मोठी चूक फ्यूम हूडच्या, म्हणजे रसायनांच्या वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाच्या, जागेची. नकाशात तो दाराशेजारी किंवा एसीच्या झोताखाली बसवतात. मग समोरून कुणी चालत गेलं तरी वाफ बाहेर ओढली जाते. आणि हूड जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी खोलीत यायला हवी. स्प्लिट एसी बहुतेक खोलीतलीच हवा फिरवतो. हूड नीट ओढत नसेल, तर पंखा बदलण्याआधी लॅबचं दार उघडून पाहा. ओढ वाढली, तर पंखा ठीक आहे. ताज्या हवेची वाट करायची राहिली आहे.

बायोसेफ्टी कॅबिनेटचं, म्हणजे जंतूंवर काम करायच्या, हवा गाळणाऱ्या कपाटाचं, तसंच. पंखा फिरतोय म्हणून लोक काम सुरू करतात. हलवताना हवेतले बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरची कड सुटलेली असू शकते, म्हणून पुन्हा तपासून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कल्चर (वाढवलेले जंतू किंवा पेशी) उघडू नका.

सूक्ष्म तराजूचे आकडे स्थिर होत नसतील तर आधी एसीचा झोत आणि टेबलाचा कंप बघा. मशीन बसवणारा इंजिनिअर यायच्या आधी अर्थिंग मोजून घ्या. जनरेटरवर कोणते सॉकेट आहेत ते मेन स्विच पाडून खात्री करा. दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजताना मशीनबरोबर खोक्याचंही माप धरा. किरणोत्सारी स्रोत असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय तो जागचा हलवायचा नाही.

जुना ईथर किंवा सुकलेलं पिक्रिक अॅसिड सापडलं तर झाकणाला हात लावू नका. दोन्हींचा स्फोट होऊ शकतो. सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. जुनी खोली परत करताना सिंकखालचा सापळाही (पाणी अडवून ठेवणारी वाकडी नळी) तपासून घ्या. फुटलेल्या थर्मामीटरांचा पारा तिथे साठलेला असतो, आणि प्लंबरला कुणी सांगितलं नाही तर तो सरळ गटारात ओततो.