जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी कशी लावावी

गाडी उभी असताना कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकतं, प्लग सारखा काळा पडतो. किंवा उलट, फुल रेसवर गाडी आचके देते आणि कॉक रिझर्व्हला फिरवूनही फरक पडत नाही. अशा वेळी बहुतेकजण आधी एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) पिळतात, नाहीतर जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलतात. पण जेटचा आकार ठरतो तो चेंबरमधली, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतली, पातळी बरोबर आहे असं धरून. ही पातळी फ्लोट राखतो: तो पेट्रोलवर तरंगत वर येतो आणि निडल (सुई) तिच्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, दाबून पेट्रोल बंद करतो. पातळी वर असेल तर पेट्रोल सहज ओढलं जातं आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त. खाली गेली की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. लीन झालेली बुलेट तापते, पण येझदीसारख्या तेल-पेट्रोल एकत्र घालायच्या गाडीत पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मग पिस्टन जाम होतो.

इथे नजरेसमोर बुलेट ३५०वरचा व्हीएम २४ मिककार्ब कार्बोरेटर आहे. इतर मिकुनी पद्धतीच्या कार्बोरेटरनाही बरंचसं हेच लागू पडतं.

काम मोकळ्या हवेत करा, इंजिन थंड असू द्या, जवळपास दिवा-सिगरेट नको. कॉक बंद करून चेंबर रिकामं करा, कार्बोरेटर उतरवा आणि खालची वाटी खोला. तिचे फुलीचे स्क्रू अनेकदा जपानी मापाचे असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो. फ्लोटची पिन काढताना घाई नको. ती ज्या दोन खुंट्यांत बसते त्या नाजूक असतात. हातोडीचा एक फटका चुकला की बॉडी भंगारात.

आता माप घ्यायच्या आधीचं काम, आणि खरा दोष बहुधा इथेच सापडतो. निडलचं टोक उजेडात धरून फिरवा. शंकूवर गोल चकचकीत कडी उमटली असेल तर निडल झिजली. टोक रबराचं असेल तर नखाने दाबून बघा. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही, कडक होतं किंवा फुगतं. नवी निडल घेताना सीटही नवी घ्या. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ आली तर त्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडवलात की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. डाग (सोल्डर) देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाऊ द्या, नाहीतर फ्लोट हातातच फुटेल. आणि डाग कमीत कमी द्या, कारण जड फ्लोट खोल तरंगतो आणि पातळी वर जाते.

सगळं परत बसवून बॉडी उलटी धरा आणि पेट्रोलच्या नळीतून हलकेच फुंका. हवा अडली पाहिजे, फ्लोट उचलला की गेली पाहिजे.

मग माप. वाटीचं गॅस्केट काढून ठेवा. निडलच्या मागे स्प्रिंगवरची बारीक पिन असते. फ्लोटच्या वजनाने ती दबली तर माप खोटं येतं. म्हणून बॉडी तिरपी करत जा आणि फ्लोटची जिभली (निडलला दाबणारी पत्री) पिनेला जेमतेम टेकली की थांबा. त्याच स्थितीत गॅस्केट बसतं त्या कडेपासून फ्लोटच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, शेजारच्या गाडीचा नको. अंतर जास्त म्हणजे पातळी कमी, कमी म्हणजे जास्त. इथे भलेभले मिस्त्री गोंधळतात. ज्यांत फ्लोट वाटीतल्या दांड्यांवर सुटे सरकतात, त्या कार्बोरेटरमध्ये बॉडी सरळ उलटी ठेवल्यावर फ्लोट ज्या कमानीला उचलतात ती कडेला समांतर असली पाहिजे.

दुरुस्ती जिभली वाकवून होते, फ्लोट दाबून कधीच नाही. लांब चोचीच्या पकडीने अगदी किंचित वाकवा. तिथे अर्धा मिलीमीटर हलला की फ्लोटच्या टोकाला त्याच्या कितीतरी पट फरक दिसतो. (तुमच्याकडे ॲमल कॉन्सेंट्रिक कार्बोरेटरवाली जुनी ट्रायम्फ किंवा नॉर्टन असेल तर मात्र वाकवू नका. त्यात निडलची सीट वाटीत ठोकून बसवलेली असते. वाटी गरम करून सीटच वर-खाली करतात.)

कोरडं माप म्हणजे अंदाज. खरी पातळी पेट्रोलनेच कळते. वाटीच्या ड्रेन स्क्रूच्या जागी त्याच आट्यांची नळी लावा, तिला पारदर्शक पाइप जोडा आणि पाइप बॉडीला लागून वर धरा. गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर. कॉक उघडा, पेट्रोल थांबेपर्यंत वाट पाहा आणि ते वाटीच्या जोडापासून किती खाली आहे ते मोजा. कॉक बंद करून थोडं पेट्रोल सोडा, परत कॉक उघडा. दर खेपेला वेगळा आकडा आला तर निडल अडकतेय.

आकडा जमला की गाडी फिरवून आणा, प्लगचा रंग बघा, आणि मगच एअर स्क्रूला हात लावा. रात्री एकदा मुद्दाम कॉक उघडा ठेवून वाटीखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर ओल दिसली तर जिभली तशीच राहू द्या, निडल-सीट बदला. आणि किक मारण्याआधी इंजिन ऑइलचा वास घ्या: पेट्रोल आत उतरलं असेल तर ऑइलही बदलावं लागेल.