लाईन गेली तरी चालणारा तास

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन आमच्या तालुक्यात येणाऱ्या शिक्षणसेवकांचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो, "सर, शाळा डिजिटल आहे का?" आहे ना. टीव्ही आहे, इन्व्हर्टर आहे, भिंतीवर रंगवलेला कॉम्प्युटरही आहे. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी शेवटचं कधी टाकलं, हे रुजू झाल्या दिवशी विचारून घ्या. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी केबली काढून कपाटात ठेवा, उंदरांना त्या फार आवडतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात, अरुणावतीच्या खोऱ्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सोळा वर्षांपासून आहे. अर्धी पोरं गावातली, अर्धी बंजारा तांड्यावरची. गावानं लोकवर्गणी करून प्रोजेक्टर घेऊन दिला तेव्हा मीही हुरळलो होतो. खिडक्यांना बारदान्याचे पडदे लावले आणि चौथीला जलचक्राचा व्हिडिओ दाखवला. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, मागून संगीत. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, जमलं! संपल्यावर विचारलं, वाफ कुठून होते? सगळे एका सुरात, "समुद्रातून." मग आपल्या धरणातून? "नाही सर." दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी काठापासून कुठवर मागं सरकतं, हे माझ्यापेक्षा जास्त जवळून बघितलेली ही पोरं. व्हिडिओत धरण नव्हतं, म्हणून त्यातून वाफ होत नव्हती. चूक व्हिडिओची नव्हती. आधी धरणाविषयी विचारायला हवं होतं, ते मी विसरलो होतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. व्हिडिओ दाखवायचा तर आधी फळ्यावर एक प्रश्न लिहायचा, आणि मधेच थांबवून "आता पुढं काय होईल?" विचारायचं. तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, पण शाळेत रेंजच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीपाशी येते, तीही मन असेल तर. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो की आठवड्याचं डाउनलोड करून आणतो. घरी पूर्ण पाहिल्याशिवाय वर्गात लावत नाही; एकदा लावलं होतं, त्यात निम्मा वेळ निवेदकबाईच बोलत होत्या.

आता खरं कामाचं सांगतो. नवीन लोक रणजितसिंह डिसले सरांचं नाव हमखास घेतात. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि सगळ्यांच्या डोक्यात त्यांचे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड राहिले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी आधी पाठ्यपुस्तक मुलांच्या मातृभाषेत नेलं होतं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला ते उशिरा कळलं. आमच्या तांड्यावरची पहिलीची पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पुस्तकात 'आई' आली की क्षणभर थांबतात, कारण घरी ती 'याडी' असते. मला गोरमाटी जेमतेम येते. मग चौथीतल्या एका मुलीला फोनसमोर बसवलं आणि पहिलीच्या गोष्टी तिच्या भाषेत सांगायला लावल्या. साधं रेकॉर्डर ॲप, नेट नको, लाईन नको. मागून कोंबडा आरवतो, मधेच ती हसते, तसंच ठेवलं. पहिलीतला एक पोरगा, जो दोन महिने दाराशी बसायचा, तो आवाज ऐकून सरकत सरकत माझ्या टेबलापाशी आला. नंतर तीच गोष्ट मराठीत वाचताना तो माझ्या आधी पुढचं सांगायला लागला. सोळा वर्षांत मी वापरलेलं सगळ्यात स्वस्त तंत्रज्ञान हेच.

दुसरं, फोनचा कॅमेरा. मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर काडीनं पाण्याचा बारका थेंब ठेवायचा आणि फोन हळूच पालथा करायचा. थेंब लोंबतो, पडत नाही, आणि भिंगाचं काम करतो. टीव्हीवर स्क्रीन दाखवायलाही बहुतेक वेळा नेट लागत नाही. दसऱ्याच्या सुमारास पोरांना म्हटलं, वावरातून जे सापडेल ते आणा. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एक फूल मी थेंबाखाली धरलं आणि ऐटीत सांगायला लागलो, ही पाकळी, हे पुंकेसर. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, हे फूल नोहे, डोमकळी होय. आतमंधी अळी हाये." पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, उमललंच नव्हतं. उकलून पाहिलं तर खरंच, गुलाबी बोंडअळी. पण होती पांढुरकी, डोकं तेवढं काळं. "गुलाबी काऊन नाही मग?" पोट्ट्यांनी मलाच विचारलं. लहानपणी ती पांढरी असते, मोठी होताना गुलाबी होते, हे मी रात्री वाचून दुसऱ्या दिवशी सांगितलं. बोंडात शिरली की तिचं भोक बुजतं आणि बाहेरून बोंड चांगलंच दिसतं, हे मला सांगावं लागलं नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीनं काय केलं, ते घराघरात माहीत आहे.

माहिती भरण्याचंही सांगून ठेवतो, कारण तुमच्या १६ हजार मानधनातल्या फोनचा बराचसा डेटा वर्गात नाही, तिथंच जाणार आहे. हजेरी, पोषण आहार, फोटो, लिंक, पुन्हा तीच माहिती दुसऱ्या लिंकवर. चिडून उपयोग नाही. मी एका वहीत पटाचे सगळे आकडे लिहून ठेवलेत आणि मधल्या सुट्टीत, खिचडी वाटून झाली की भरतो. तासाला फोन हातात घेतला तर तो पोरांना काहीतरी दाखवायलाच, एवढं पाळतो. पोरं बघत असतात.

मार्चपासून सकाळची शाळा लागते. तेव्हा टीव्हीचं काही असेल ते दहाच्या आत उरका, नंतर टिनाखाली टीव्हीपेक्षा पोरंच जास्त तापतात. आणि लाईन जाईलच. ज्या तासाचा अर्धा भाग फळ्यावर होऊ शकत नाही, तो तास मी लावतच नाही.

बोंडअळीच्या त्या तासानंतर दोन दिवसांनी, परिपाठ संपायच्या आत, त्या मुलीचे वडील फाटकाशी उभे. खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकात चार-पाच हिरवी बोंडं बांधलेली. "सर, हे बी लावा ना टीव्हीवर. फवारा माराचा का नाही, मले पाहू द्या." पहिला तास भाषेचा होता. तो राहिला.