दमट हवेत आपोआप वाकणारी पातळ फिल्म कशी बनवायची

ह्युमिडिटीवर (हवेतल्या ओलाव्यावर) हलणारा सॉफ्ट अ‍ॅक्चुएटर, म्हणजे मोटरशिवाय स्वतःच वाकणारी मऊ पट्टी, करायचा म्हटलं की बरेच जण आधी भारी मटेरियल शोधत बसतात, ग्राफीन ऑक्साइड (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) पाहिजे, नॅफिऑन (एक महाग पॉलिमर) पाहिजे वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की पट्टी किती वाकणार हे मटेरियलपेक्षा जास्त थरांच्या जाडीवर आणि ते एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत यावर ठरतं, त्यामुळे साध्या वस्तूंनी सुरुवात करा.

तत्त्व सोपंय. एक थर हवेतला ओलावा शोषून फुगतो, दुसरा जवळपास फुगत नाही, आणि दोघं चिकटलेले असल्यामुळे फुगणारा थर बाहेरच्या बाजूला येऊन पट्टी वाकते, हवा कोरडी झाली की उलट. पाइनच्या सुकलेल्या कोनाचे खवले असेच उघडमिट करतात, त्यातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात तरीही!

पहिली पट्टी ट्रेसिंग पेपर आणि पॅकिंगची प्लास्टिक टेप यांची करा. कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेनं पसरलेले असतात आणि कागद तंतूंच्या आडव्या बाजूला जास्त फुगतो. ही दिशा ओळखायला कागदाचा छोटा चौकोन पाण्यावर तरंगत ठेवा, तो गुंडाळून नळी होईल, ती नळी ज्या दिशेला लांब तीच तंतूंची दिशा. आता पट्टीची लांबी या दिशेच्या काटकोनात ठेवून साधारण ५ मिमी रुंद, ५ सेमी लांब कापा, टेप आधीच लावून घ्या पण ताणून अजिबात लावू नका, नाहीतर पट्टी सुरुवातीपासूनच वाकडी बसते. हीच पट्टी ४५ अंशात तिरकी कापली तर नुसती वाकत नाही, स्प्रिंगसारखा पीळ घेते, हे नक्की करून बघा.

हे जमलं की खरी पातळ फिल्म. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्या, हा ओलावा शोषून फुगणारा पॉलिमर, त्याचा 'पूर्ण हायड्रोलाइज्ड' लिहिलेला प्रकार (हा थंड पाण्यात सहज विरघळत नाही म्हणून चांगला), ५ ग्रॅम पावडर १०० मिली थंड पाण्यात हळूहळू ढवळत टाका आणि मग ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहा. रात्रभर झाकून ठेवलं की बुडबुडे निघून जातात. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पीईटी फिल्म, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची, न फुगणारा थर म्हणून सपाट बसवा, वरची बाजू अगदी बारीक पॉलिश पेपरनं हलकी घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. १० बाय १० सेमी जागेत ५ मिली द्रावण पसरलं की ओला थर अर्धा मिमी होतो आणि वाळल्यावर २० मायक्रॉनच्या आसपास उरतो. काच लेव्हलमध्ये पाहिजे. वाळवताना पंखा, हीटर काही नको, सावकाश वाळू द्या. घासायचं काम टाळू नका, पीईटीला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नीट चिकटत नाही आणि थर सुटला की सगळं संपलं. मऊ गोंदानं वेगळी फिल्म चिकटवली तरी वाकणं कमी होतं, कारण गोंदच सरकतो.

जाडीचं गणित टिमोशेन्को या इंजिनिअरनं १९२५ मध्ये दोन धातूंच्या पट्टीसाठी मांडलं होतं, तेच इथे चालतं. जाडी योग्य जुळली असेल तर वक्रता (१ भागिले वळणाची त्रिज्या) म्हणजे दोन थरांच्या फुगण्यातला फरक गुणिले दीड, भागिले एकूण जाडी. फरक १ टक्का आणि एकूण जाडी ४० मायक्रॉन असेल तर पट्टी साधारण २.७ मिमी त्रिज्येत वळते, हीच जाडी १०० मायक्रॉन केली तर ६.७ मिमी. न फुगणारा थर चौपट कडक असेल तर तो निम्म्या जाडीचा ठेवायचा, म्हणून मी वर १२ मायक्रॉन म्हटलं, प्रोजेक्टरची जाड पारदर्शक शीट इथे उपयोगाची नाही. वेगाचंही तसंच, पाणी थरात मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, जाडी निम्मी केली तर वेळ पावपट.

टेस्टिंगला फुंकर मारून अंदाज घेऊ नका. घट्ट झाकणाच्या बरण्या घ्या, तळाशी मीठ आणि थोडं पाणी, पण न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे. २५ अंशाला साध्या मिठाच्या बरणीत हवेची ह्युमिडिटी ७५ टक्क्यांच्या आसपास राहते, मॅग्नेशियम क्लोराइडच्या ३३, लिथियम क्लोराइडच्या ११. पट्टी आत लटकवा, द्रावणाला टेकू देऊ नका, एकाच अंतरावरून फोटो काढून कोन मोजा. आणि वाढत्या ह्युमिडिटीनं एकदा, उतरत्यानं एकदा असं दोन्हीकडून मोजा, दोन कोन जुळत नाहीत, तो फरक लिहून ठेवा.

हात जवळ नेल्यावर पट्टी हलली तर ते ओलाव्यामुळे की उष्णतेमुळे हे तपासायला मध्ये पातळ प्लास्टिक धरा, त्यातून उष्णता जाते पण वाफ अडते.

एक मर्यादा लक्षात ठेवा, जास्त ओलाव्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मऊ पडतं, म्हणजे पट्टी वाकते भरपूर पण उचलायची ताकद घटते, त्यामुळे वजन उचलायचं असेल तर कोन आणि वजन दोन्ही त्याच ह्युमिडिटीला मोजा जिथे ती वापरणार आहात.