तान्ह्या नातवंडाला आजोबांनी कसे घ्यावे

आमच्याकडे गोव्यात पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, त्यामुळे बाळाचा पहिला सहवास आईच्या आईवडिलांना लाभतो. प्रत्यक्षात तो आजीच्याच वाट्याला येतो. आजोबा औषधे आणतात, नारळ सोलून देतात, बारशाची तयारी पाहतात आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबरठ्याबाहेरून बाळाला न्याहाळतात. गेल्या आषाढात फोंड्याच्या आमच्या घरी नात आली, तेव्हा पहिले काही दिवस मीही असाच बाहेर उभा होतो. तान्ह्या बाळाशी ओळख होते ती त्याचे रोजचे एखादे काम हाती घेतल्याने, आणि ते काम आजोबांनाही शिकता येते, हे मला त्यानंतर उमगले.

बाळ घरी येण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून फ्लू आणि डांग्या खोकला यांची लस घ्यावी, कारण तान्ह्या बाळाला डांग्या खोकला जिवावर बेतू शकतो आणि तो बहुधा घरातल्या मोठ्या माणसांकडूनच लागतो. विडी-सिगारेट ओढत असाल तर ती आता सोडावी. बाळाला घेण्यापूर्वी घड्याळ आणि अंगठी काढून हात साबणाने धुवावेत. सर्दी-पडसे असताना दूर राहावे, आणि कितीही मोह झाला तरी बाळाच्या तोंडाचा मुका घेऊ नये.

पहिल्यांदा घेताना बसूनच घ्यावे. मी उभ्याने घेतले, माझा हात मानेखाली नीट पोचला नव्हता, तिचे डोके किंचित मागे गेले आणि तिने दोन्ही हात एकदम फैलावून टाहो फोडला. मी घाबरून तिला परत दिले आणि पुढचे चार दिवस मागितले नाही. असे दचकणे प्रत्येक तान्ह्या बाळात उपजतच असते, डोक्याचा आधार सुटल्यासारखा वाटला किंवा मोठा आवाज झाला की ते होते आणि चार-सहा महिन्यांत आपोआप जाते, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. बाळ मान धरेपर्यंत साधारण तीन-चार महिने जातात. तोवर एक हात मान आणि डोके यांच्याखाली, दुसरा ढुंगणाखाली ठेवावा, आपण वाकून बाळाला आधी छातीशी आणावे आणि मगच सावकाश सरळ व्हावे.

आजोबांनी मागून घ्यावे असे काम म्हणजे ढेकर काढणे. तान्हे बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते, म्हणजे संधी तितक्या वेळा येते. खांद्यावर धुतलेला मऊ पंचा टाकावा, बाळाची हनुवटी खांद्यावर येईल आणि नाक मोकळे राहील असे त्याला उभे धरावे, आणि पाठीवरून तळहात हलकेच खालून वर फिरवावा किंवा थोपटावे. कधी दोन मिनिटे लागतात, कधी दहा, आणि कधी ढेकर येतच नाही. त्या वेळी तिचा कान माझ्या गालाला लागलेला असे, श्वास मानेवर जाणवे, आणि थोडे दूध पंच्यावर सांडले की अंग एकदम सैल पडे. बाळ झोपले की त्याला स्वतंत्र, घट्ट गादीवर, उशीशिवाय पाठीवरच निजवावे.

नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे बरे दिसते. पाय दुमडून बसावे आणि बाळाला मांड्यांवर आपल्याकडे तोंड करून, डोके गुडघ्यांकडे ठेवून निजवावे. मग किंचित पुढे झुकले की बरोबर तेवढेच अंतर राहते. बोलण्याची वेळ आणि शब्द रोज तेच असावेत. मी दिवेलागणीला ‘शुभं करोति’ आणि पाठोपाठ पाढे म्हणत असे. बाहेर पावसाचा एवढा आवाज असायचा की मलाच माझे बोलणे जेमतेम ऐकू येई, पण महिन्याभराने ती माझ्या ओठांकडे टक लावून पाहू लागली आणि सातव्या आठवड्यात बेच्या पाढ्यालाच हसली.

जुन्या चालीरीतींबाबत आजोबांनी मुलीच्या बाजूने उभे राहावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सटीची, म्हणजे सहाव्या दिवसाची, पूजा करावी, दिवा लावावा. मात्र मध, घुटी आणि पाणी बाळाला देऊ नये. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते, आणि मधातून होणाऱ्या विषबाधेच्या धोक्यामुळे मध वर्षभर वर्ज्यच आहे. काजळ घालू नये, टाळूवर तेल दाबू नये. पावसाळ्यात खोली दमट असते म्हणून धुरी देण्याचा आग्रह होतो, तोही मोडून काढावा. दुपटी इस्त्री करून कोरडी करावीत आणि डासांसाठी मच्छरदाणी लावावी. आजीशी हे बोलणे एकांतात करावे, बाळंतिणीदेखत नव्हे.

दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढते आणि सहाव्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. काही केल्या राहत नसेल आणि आपला धीर सुटत असेल तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून क्षणभर बाजूला व्हावे. त्याला कधीही गदागदा हलवू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, ते पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्यावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

बाळ तोंड वळवून शोधू लागले, मूठ तोंडाकडे नेऊ लागले की ती भूक समजावी आणि रडण्याची वाट न पाहता त्याला आईकडे द्यावे. तिचे पाजून झाले की ‘बाबा, जरा घेता का?’ अशी हाक येते. तोवर हात धुऊन, पंचा खांद्यावर टाकून बसलेले असावे.