दिवाळीआधी एटीव्ही बाहेर काढताय? आधी लाल दिवा लागू द्या

पाऊस सरला, वाडीतली वाट वाळली आणि दिवाळीची बुकिंगं सुरू झाली की आमच्याकडे शेडमधल्या एटीव्हींवरची, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी मोकळ्या गाड्यांवरची, ताडपत्री निघते. अलिबाग-नागावच्या पट्ट्यात माझ्यासारखे दोन-चार गाड्या ठेवून पाहुण्यांना फिरवणारे बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. गेल्या मोसमात माझ्या हातून एक 500 सीसीचं इंजिन गेलं आणि ते वाचवता आलं असतं.

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा. चावी ऑन करा, सेल्फला हात लावू नका आणि मीटरकडे बघा. तेलाच्या कुपीचं चित्र असलेला लाल दिवा लागला पाहिजे. मग इंजिन सुरू करा, दोन-तीन सेकंदांत तो विझला पाहिजे. आधी लागणं आणि मग विझणं, दोन्ही डोळ्यांनी बघायचं. मी कायम फक्त दुसरं बघत आलो. गाडी चालू आहे, दिवा विझलेला आहे, म्हणजे ऑइल ठीक आहे, असं धरून चाललो. त्या दिवशी गाडी फिरवणारा आमचा पोरगा दुपारपासून तीन वेळा सांगून गेला, ‘दादा, आवाज वेगळा येतोय.’ तिन्ही वेळा मी मीटर बघितला आणि म्हणालो, ‘दिवा नाही ना लागला? मग चालव.’ चौथ्या फेरीत खालून खट् खट् सुरू झालं आणि गाडी चढावर बंद पडली. क्रँकचं बेअरिंग गेलं होतं. इंजिनखालच्या ड्रेन नटच्या, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या नटच्या, वॉशरमधून ऑइल थेंब थेंब करत गेलेलं आणि ऑइलचा दाब ओळखणाऱ्या प्रेशर स्विचची वायर खाऱ्या हवेनं हिरवी पडून तुटलेली. वायर तुटली की तो दिवा कधीच लागत नाही, ऑइल असो वा नसो. त्या पोराचे कान बरोबर होते, माझा दिवा मेलेला होता.

या दिव्याचं काम साधं आहे. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो, म्हणून स्विच आतून जोडलेला असतो आणि चावी ऑन केली की दिवा लागतो. दाब आला की स्विच सुटतो, दिवा विझतो. म्हणजे सुरू करायच्या आधी तो लागला, तर बल्ब, वायर, स्विच सगळं जिवंत आहे हे एका सेकंदात कळतं. न्यूट्रलचा हिरवा लागला आणि लाल नाही लागला, तर मीटरला करंट आहे, दोष लालच्याच लाइनीत आहे. साध्या वायरिंगच्या गाडीत स्विचची वायर काढून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा: दिवा लागला तर स्विच बदला, नाही लागला तर बल्ब किंवा वायर शोधा. डिजिटल मीटरच्या गाडीत हा प्रयोग करू नका. त्यातले काही मीटर चावी फिरवताच सगळे दिवे क्षणभर आपणहून दाखवतात आणि त्यावरून स्विचचं काहीच कळत नाही. तुमच्या गाडीत काय होतं ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात वाचून ठेवा.

आता ऑइल. लाल दिवा दाब बघतो, पातळी बघत नाही. तो लागेपर्यंत पातळी कधीच धोक्याच्या खाली गेलेली असते. पातळीसाठी ऑइलमध्ये बुडालेली, खुणा असलेली गेजची काडीच काढायची आणि गाडी सपाटीवर उभी करून काढायची. वाडीतली जमीन सपाट वाटते, नसते. आम्ही शेडमध्ये कोब्याचा एक तुकडा त्यासाठीच करून घेतला. काडी पुसा, घाला, काढा. आटे पिळून बघायचं की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं आणि चुकलात तर पातळी चुकीची वाचाल. काही इंजिनांचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, तिथे गाडी थोडी चालवून मगच बघायचं. उरलेल्यांत बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबायचं. खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरमध्ये जातं.

काडीवरचं ऑइल बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, सेल्फ मारूच नका. वास घ्या. पेट्रोलचा वास असेल आणि पातळी आपोआप वाढलेली असेल, तर कार्बोरेटरची सुई गळतेय आणि ते ऑइल पातळ झालंय. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे दोन्ही होतं. म्हणून मी मोसमाच्या सुरुवातीला ऑइल बदलूनच टाकतो, काळं असो वा नसो.

ऑइल कोणतं? पुस्तकात असेल ते, बऱ्याच गाड्यांना 10डब्ल्यू-40 चालतं. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा. कारचं उरलेलं ऑइल ओतू नका, क्लच घसरायला लागतो. छोट्या 110-125 सीसीच्या गाड्यांत जेमतेम लिटरभर ऑइल मावतं, त्यातलं पावशेर गेलं तरी फार गेलं. आणि यातल्या बऱ्याच गाड्यांना प्रेशरचा दिवाच नसतो! तिथे काडी हाच दिवा, रोज सकाळी. नवी गाडी असेल तर पहिलं ऑइल साधारण 20-25 तासांत काढायचं असतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

ड्रेन नटचा वॉशर दर वेळी नवा टाका. नट बेताने आवळा, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर डाग पडलाय का बघा. त्या पुठ्ठ्यानं माझं इंजिन वाचलं असतं. आणि जुनं ऑइल वाडीत ओतू नका, विहीर आपलीच आहे. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

नटबरोबर प्रेशर स्विचची वायरही हातात घ्या. वायरच्या टोकाची टोपी मागे सरकवा, आत हिरवट काही दिसलं तर घासून साफ करा, कनेक्टरचं ग्रीस लावा. आणि झालं की? चावी ऑन, सेल्फ नाही, लाल दिवा लागला का ते बघा. वायरला हात लावला की दर वेळी बघा.

बाकीचे दिवे. थर्मामीटरचं चित्र म्हणजे इंजिन तापलंय. आमच्याकडे दहातल्या नऊ वेळा रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि सुकलेलं गवत असतं. गाडी सावलीत घ्या, पंखा फिरतोय का बघा आणि गरम असताना झाकण उघडू नका, हात भाजतो. साध्या पाण्याने, हलक्या धारेने जाळी धुवा. प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तर मिस्त्रीला दाखवा, फेऱ्या थांबवा. पण लाल कुपी चालत्या गाडीत लागली तर तिथल्या तिथे बंद करा. शेडपर्यंत नेतो, चढ तेवढा काढतो, असलं काही नाही. ढकलत आणा. चढावर क्षणभर लुकलुकली तरी तेच समजा, ऑइल कमी झालं की चढावर ते एका बाजूला पळतं आणि पंपाला मिळत नाही.

दुपारच्या उन्हात मीटर दिसत नाही, हाताचा आडोसा करून बघा. काचेवरचा चिखल पुसा. पाहुण्यांना कुपी आणि थर्मामीटर ही दोन्ही चित्रं दाखवून सांगा, त्यांना ती माहीत नसतात. आणि गाडी फिरवणारा पोरगा आवाज वेगळा आहे म्हणाला, तर दिव्याशी त्याची तुलना करू नका. गाडी थांबवा, काडी काढा.

टायर, ब्रेक, बॅटरी, हेल्मेट तुम्ही बघताच. एअर फिल्टर मात्र उघडा, पुळणीची बारीक रेती आत गेली की पिस्टनच्या रिंगा खाते.

संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचं, वायरिंगवर धार नको. तास वहीत लिहायचे. पुठ्ठा खाली सरकवायचा. माझ्या वहीत तासांच्या आधी आता एक रकाना आहे, ‘लाल लागला’. सकाळी चावी फिरवणाऱ्याने तिथे सही केल्याशिवाय गाडी शेडबाहेर जात नाही.